पहिल्या ब्लॉकपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत

आप्पा, उद्या संध्याकाळी मला पुन्हा मधल्या खुर्चीत बसायचं आहे, आणि या वेळी मला ते नको आहे. तुम्ही असतात तर तुमच्याशी कडाकडा भांडले असते. तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्याशी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी बोललेच नाही. बाकीचं सगळं आयुष्य तमिळमध्ये आणि इंग्रजीत गेलं. बँकेत, बाजारात, पोटच्या मुलीशी वाद घालतानासुद्धा. तिला देवनागरी येते, पण अक्षर अक्षर लावत वाचते, आणि एवढं लांब काही हाती आलं तर पहिल्या पानावरच कंटाळेल. तेव्हा हे तुमच्या-माझ्यातच राहणार. भांडण कशावरून, ते सांगते. तुम्ही मला एक सवय लावलीत, तिच्यावरून.

मी शाळेत होते, पाचवीत की सहावीत. रेल्वेच्या क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर, ओट्याखाली रॉकेलचा डबा, आई पिठलं ढवळते आहे. रविवारी कुठे जायचं यावर आमचं चाललं होतं. मला, ताईला आणि आईला समुद्रावर जायचं होतं. धाकट्याला प्रदर्शनात जायचं होतं, मोठ्या पाळण्यात बसायला. शाळेत वर्गाचा मॉनिटर नुकताच हात वर करून निवडला होता, मला ते फार आवडलं होतं. मी म्हटलं, समुद्र कुणाला हवा त्यांनी हात वर करा. आईने पळीसकट हात वर केला. झालं, जिंकलो. तुम्ही नुकतेच पाळीवरून आला होतात, मोरीत कपड्याच्या साबणाने हातावरचं ग्रीस खरवडत होतात. तिथूनच म्हणालात, "डोकी मोजलीस ना, पोरी? आता तो समुद्रावर येईल, पण तुमच्याबरोबर नाही यायचा." मग ओले हात घेऊन आत आलात, आम्हाला सगळ्यांना जमिनीवर बसवलंत, आणि पिठलं गार होईपर्यंत बोलायला लावलंत. प्रत्येकाने बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, आणि ज्याचं सगळ्यात कमी झालं असेल त्याला सगळ्यात शेवटी विचारायचं, "चालेल का?" ठरलं असं, की आधी प्रदर्शनाच्या बाहेर उभं राहून पाळणा बघायचा, कणीस खायचं, आणि मग बसने समुद्रावर. धाकट्याला तुम्ही विचारलंत. तो चालेल म्हणाला. मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता. आज आठवतं ते एवढंच, की त्याचे डोळे मिटायला लागले होते आणि त्याला जेवून झोपायचं होतं.

तुमच्या कारखान्यातली कॅन्टीनची गोष्ट आमच्या घरी पाहुण्यांना सांगायची गोष्ट होती. रेल्वेचे डबे बनवणारा एवढा मोठा कारखाना, हजारो माणसं एका शेडमध्ये घाम गाळणारी, पण जेवायच्या सुट्टीत काही जणांना दुसऱ्यांनी जेवलेल्या ताटात जेवायचं नव्हतं. कोण कुणाच्या ताटाला नाक मुरडत होतं ते सांगायला नको. कमिटीत हात वर करून ठराव झाला, ताटं सगळ्यांना एकच. दुसऱ्या दिवशी मारामारीत सांबाराचं पातेलं उलथलं आणि एकाचा हात कोपरापर्यंत भाजला. मग साहेबांनी तुम्हाला त्या कमिटीचं सेक्रेटरी केलं, कारण तुम्ही साताऱ्याकडचे. इथल्या कुठल्याच जातीच्या खात्यात तुमचं नाव नव्हतं. तुम्ही दोन्हीकडच्या लोकांना घेऊन कितीतरी महिने बसलात, हात वर करणं बंद केलंत, आणि शेवटी तोडगा काढलात: ज्याला हवं त्याने घरून आपलं ताट आणावं, त्यांच्यासाठी एक खिडकी, कारखान्याच्या ताटात जेवणाऱ्यांसाठी दुसरी. बाकं तीच. त्यानंतर मारामारी झाली नाही. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा हारतुरे घालून सगळ्यांनी भाषणात हेच सांगितलं, आणि आई पदराने डोळे पुसत होती.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एग्मोर स्टेशनवर तुमच्या शेडमधले एक जण भेटले. तमिळ गृहस्थ, खूप म्हातारे झाले होते, मुलाकडे मदुरैला निघाले होते. मी माझी ओळख सांगितली तर माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "तुझे वडील देवमाणूस." मी हसून म्हटलं, आप्पांना भाकरीचं फार वेड, कॅन्टीनचा भात कधी खाल्ला नाही त्यांनी, रोज डबाच न्यायचे. ते म्हणाले, "भाकरीसाठी नाही, अम्मा. आमच्या खिडकीवर जेवले असते तर ते लोक म्हणाले असते, हा यांचा. त्या खिडकीवर जेवले असते तर आम्ही म्हटलं असतं. म्हणून लेथजवळ बसून एकटे जेवायचे. मग आमच्या बाकावर येऊन गप्पा मारायचे. ताट घ्यायचे नाहीत." मी विचारलं, तुम्ही कुठल्या खिडकीवर होता. ते म्हणाले, "कारखान्याच्या ताटाच्या. मार बंद झाला, ते खरं. पण रिटायर होईपर्यंत मी त्याच खिडकीवर उभा होतो." गाडी लागली आणि ते गेले. मी घरी येऊन कुणाला हे सांगितलं नाही. आमची गोष्ट चांगली होती, तिला कशाला हात लावायचा.

आता माझं ऐका. आपल्या क्वार्टरच्या पुढे तो जुना साबणाचा कारखाना होता ना, ज्याच्या वासाने आईचं डोकं दुखायचं, तो कधीच बंद पडला. तिथे आता फ्लॅट झालेत, आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशात मी त्यातलाच एक घेतला. आमच्या मागे हाउसिंग बोर्डाच्या इमारती आहेत. जवळच्याच कालव्याकाठची वस्ती उठवून तिथे आणून ठेवलेली माणसं. आमच्या पुढे, रेल्वेच्या रुळांकडे, स्मशान. मधे एक गल्ली. वस्तीतले लोक आपली मढी त्याच गल्लीने नेत आले, साबणाचा कारखाना होता तेव्हाही आणि त्याच्या आधीही. बिल्डरच्या नकाशात ती गल्ली आमच्या कंपाउंडमध्ये आली. दोन टोकांना दोन फाटकं बसली, आणि फाटक म्हटलं की ते बंद करायची इच्छा होतेच. गल्ली बंद झाली तर त्यांना सबवेतून वळसा घालून जावं लागतं, आणि तो सबवे पावसात गळ्याइतका भरतो.

इथली अंत्ययात्रा तुम्हाला माहीत आहे. पुढे परै वाजवणारे, ते चपटं चामड्याचं वाद्य दोन काठ्यांनी असं बडवतात की छातीत घुमतं. मग नाचणारी पोरं, फटाके, आणि रस्ताभर झेंडूच्या पाकळ्या. आमच्या लोकांना ते नको होतं. एकाचा मुलगा मेडिकलच्या परीक्षेला बसलेला. एका बाईंची आई हृदयरोगी, परै वाजलं की पलंगाची कड घट्ट धरून पडून राहते, ते मी स्वतः पाहिलं आहे. ही कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्या आडून दुसरंही काही बोललं जात होतं, "त्या लोकांचं", "तिकडच्यांचं". जातीचं नाव सगळ्या महिन्यांत एकदाही कुणी घेतलं नाही. एकदा फाटक बंद केलं, दगड आले, दोन गाड्यांच्या काचा गेल्या. इन्स्पेक्टर येऊन म्हणाला, आपसात मिटवा, नाहीतर दोन्हीकडच्यांना आत टाकतो. तेव्हा आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. निवृत्त इंजिनिअर, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, तुम्ही महाराष्ट्राकडच्या. तुम्हाला इथलं काही चिकटलेलं नाही. मधे तुम्ही बसा." मी इथेच जन्मले, आप्पा. पण मला ते ऐकून बरं वाटलं. तुमची खुर्ची मला मिळाली असं वाटलं.

वस्तीकडून बोलायला एक बाई आली. कॉर्पोरेशनच्या दवाखान्यात नर्स आहे, चाळिशी उलटलेली, बांधेसूद, आवाज न चढवता बोलणारी. तिच्या मागे तीन-चार पुरुष, ते भिंतीला टेकून उभे राहिले. मी खुर्च्या गोलात लावायला लावल्या. वॉचमन कॉफी घेऊन आला तर आमच्या माणसांना स्टीलचे पेले-वाट्या, इथले डबरा-टंबलर, आणि त्यांना कागदी कप. सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले, कोरोनापासून पाहुण्यांना कागदीच देतो, स्वच्छतेसाठी. मी वॉचमनला म्हटलं, सगळ्यांना कागदी कप दे. आणि मनात म्हटलं, बघा आप्पा, कसं सुटलं. ती नर्स माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "अक्का, सगळ्यांना स्टीलचा देता आला असता की." मीही हसले. तिला वाटलं असेल मला समजलं. खरं म्हणजे मी तेव्हा ते थट्टेवारीच नेलं.

तुमचाच नियम मी लावला. हात वर करायचे नाहीत. आमच्याकडची घरं जास्त, हात मोजले असते तर पहिल्याच दिवशी फाटक बंद झालं असतं, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी तो नियम आनंदाने घेतला. एकाचंही नाही असेल तर काही ठरणार नाही, सगळे चालेल म्हणेपर्यंत बसायचं. आम्ही बसलो. कित्येक शनिवार बसलो. हृदयरोगी आईची मुलगी रडली, तेव्हा भिंतीला टेकलेल्यांतला एक जण पुढे येऊन म्हणाला की आम्ही तेवढं बघून घेऊ, आजींना त्रास नको. मेडिकलवाल्या मुलाचा बाप एकदा म्हणाला, "मेलेल्या माणसासाठी एवढा गोंगाट कशाला?" त्यावर नर्स म्हणाली, "सर, आमच्यातला माणूस जिवंत असतो तेव्हा या गल्लीतून रोज जातो. कुणी मान वळवून बघत नाही. एक दिवस तरी कळू दे ना, की कुणीतरी चाललाय." मला वाटलं, हेच ते. माणसं समोरासमोर बसली की असं होतं, असं तुम्ही सांगायचात.

शेवटी ठरलं. गल्लीची दोन्ही फाटकं रात्रंदिवस उघडी राहतील, असोसिएशन गल्लीत दिवे लावेल, खड्डे बुजवेल. त्या बदल्यात पहिल्या ब्लॉकच्या कोपऱ्यापासून कंपाउंडच्या शेवटी ट्रान्सफॉर्मर आहे तिथपर्यंत परै थांबेल. फटाके नाहीत, नाच नाही. ट्रान्सफॉर्मर ओलांडला की पुन्हा वाजवा. चालत गेलं तर फार अंतर नाही. मी सगळ्यात शेवटी तिला विचारलं, चालेल का? तिने खिडकीतून गल्लीकडे बघितलं. मग म्हणाली, "सरी, अक्का. चालेल." मी घरी आले आणि तुमच्या फोटोसमोर दिवा लावला. मुलीला फोन करून सांगितलं, आजोबा असते तर आज खूश झाले असते. ती म्हणाली, अम्मा, तू नोबेलला अर्ज कर. चेष्टा करत होती, पण तिलाही बरं वाटलं होतं. आणि तोडगा टिकला, आप्पा. तीन-चार यात्रा गेल्या, कोपऱ्यावर परै थांबलं, ट्रान्सफॉर्मरपाशी सुरू झालं. मग त्या नर्सचे वडील गेले.

दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "अक्का, अप्पा गेले." अशा वेळी जे बोलतात ते मी बोलले. मग ती म्हणाली की तिचे वडील आयुष्यभर परै वाजवत आले. त्या वस्तीतलं, आसपासच्या दहा वस्त्यांतलं एकही मढं त्यांनी वाजवल्याशिवाय गेलं नाही. आज त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे येणार आहेत, पार गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कामाला गेलेली पोरंसुद्धा रजा टाकून निघाली आहेत. "एकदाच, अक्का. आजच्या दिवस थांबवायला सांगू नका." मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मरनंतर वाजवता येईलच की. ती अगदी हळू म्हणाली, "बायका ट्रान्सफॉर्मरपाशी मागे फिरतात, अक्का. स्मशानापर्यंत आम्ही जात नाही. मला तेवढंच चालायचंय."

मला हे माहीत नव्हतं. या शहरात जन्मून, साठी ओलांडून, बाल्कनीतून एवढ्या यात्रा बघून मला हे माहीत नव्हतं, की बायका नेमक्या कुठून परत फिरतात. आम्ही नकाशावर बोट ठेवून सोयीची जागा निवडली होती. तिला त्याच वेळी कळलं होतं, आणि तरी ती चालेल म्हणाली होती, कारण नाहीतर फाटक बंद झालं असतं. खिडकीतून गल्लीकडे बघताना ती काय बघत होती, ते मला त्या फोनवर समजलं.

मी कमिटीला लगेच बोलावलं. सेक्रेटरींच्या हॉलमध्ये सगळे जमले. मी सांगितलं काय आहे ते. बहुतेकांच्या तोंडून लगेच निघालं, जाऊ दे, एकदाच तर आहे. हृदयरोगी आईची मुलगी म्हणाली, मी तेवढा वेळ आईला मागच्या खोलीत नेते. दोघं जण नाही म्हणाले. मेडिकलवाल्याचा बाप, आणि सेक्रेटरी. सेक्रेटरी वाईट माणूस नाही, आप्पा. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, नियम आपण सगळ्यांनी मिळून केला. तिच्यासाठी मोडला, तर उद्या तिच्याच शेजाऱ्याला काय सांगणार? आणि तो बदलायचा तर सगळ्यांची संमती हवी, हे तुम्हीच घालून दिलेलं आहे." खरं होतं. त्या क्षणी मी म्हणाले असते की हात वर करा, तर काम झालं असतं. ओठावर आलं होतं. पण हात मोजायचे नाहीत असं म्हणून मीच महिनोन्‌महिने सगळ्यांना बसवून ठेवलं होतं, आणि आता मला सोयीचं झालं म्हणून मोजणार? मी तसं म्हणाले नाही. मी तिला फोन करून सांगितलं की दोघं नाही म्हणाले, आणि आपल्या नियमाने दोघं पुरेसे आहेत. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ती "सरी" म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी बाल्कनीत उभी होते. खाली पोलिसांची गाडी होती. वस्तीकडून परै ऐकू आलं, एवढं मोठं मी कधी ऐकलं नव्हतं, तीस-चाळीस जण तरी असतील. पहिल्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर पोरांना थांबायचं नव्हतं. तिथे ढकलाढकली झाली. मग ती पुढे आली, पांढऱ्या साडीत, केस सुटलेले, आणि दोन्ही हात पसरून त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनेच थांबवलं, आप्पा. आमच्यापैकी कुणी खाली गेलं नाही. पोरांनी काठ्या खाली केल्या. एक जण थांबेना, तर तिने त्याच्या परैवर आपला तळहात दाबून धरला. मग सगळे निघाले. चपलांचा आवाज तेवढा येत होता, आणि कुठल्याशा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ट्रान्सफॉर्मरपाशी बायका थांबल्या. तिने वडिलांच्या पायांना हात लावला आणि ती मागे वळली. पुरुष पुढे गेले, आणि तिची पाठ वळल्यावर परै सुरू झालं. ती वस्तीकडे चालत येत होती आणि तो आवाज तिच्यापासून लांब लांब जात होता. मी आत आले.

त्या दिवसानंतर तिला तिच्या लोकांनी बाजूला टाकलं. बापाचं परै विकून आली, असं तिला तोंडावर म्हणतात. तिच्या दारावर कुणीतरी फुटकं परै आणून टांगलं, हे मला आमच्या कामवालीने सांगितलं. आमच्याकडे मात्र सगळे खूश आहेत. सेक्रेटरींनी पत्र फिरवलं आहे, की एवढ्या कठीण प्रसंगीही व्यवस्था टिकली, तेव्हा आता ती कायमची करावी, आणि फुलांच्या पाकळ्या टाकण्याचंही त्यातच घालावं, सफाईवाल्याला त्रास होतो. उद्याची बैठक त्यासाठी आहे. वस्तीकडून दोन तरुण येणार आहेत. ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आणि आमचे काय म्हणतील तेही. ही व्यवस्था कायमची झाली तर तिच्या आईच्या वेळीही तेच होणार, आणि ती म्हातारी आता अंथरुणावर आहे.

परवा मी तिच्या दवाखान्यात गेले. बैठकीला या, म्हणून सांगायला. लहान मुलांना लस द्यायचा दिवस होता, रांग बाहेरच्या कडुनिंबापर्यंत आलेली. ती हातातलं काम न थांबवता माझ्याशी बोलत होती.

"मी येणार नाही, अक्का. आता माझं तिथे कुणी ऐकणार नाही. दोन्हीकडे."

मी म्हटलं, तुम्ही नसाल तर बैठकीला अर्थ नाही.

तिने एका बाळाच्या मांडीला कापूस लावला, आईला म्हणाली दाबून धर, आणि मग माझ्याकडे वळली. "एक कराल? या वेळी हात वर करायला सांगा."

"तुम्ही हराल," मी म्हटलं. "आमची घरं दुप्पट आहेत."

"हरू दे. त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत, दोघं नाही म्हणाले. मी रोज तुमच्या फाटकावरून येते. ज्याला त्याला बघून वाटतं, हा असेल का त्यातला. सगळे मला वणक्कम म्हणतात, अक्का. सगळे सारखंच हसतात. चालेल का, चालेल का विचारत बसलं की कोण काय म्हणतंय ते दिसतच नाही. मला निदान बघू दे, माझ्या बापाच्या वेळी कुणाचा हात कुठे होता."

पुढची बाई बाळाला घेऊन खुर्चीत बसली. मी बाहेर आले, शेअर ऑटोत बसले आणि स्टॉप चुकवून पुढे गेले.

तेव्हापासून तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही म्हणायचात, हात मोजले की थोड्यांचं मरण होतं. बरोबर आहे. पण आप्पा, न मोजताही कुणीतरी मरतंच, फक्त त्याला कुणी मारलं ते सांगता येत नाही. तुमच्या त्या म्हाताऱ्या सोबत्याला कुणी विचारलं होतं का, की चालेल का? विचारलं असेल. तुम्ही नक्कीच विचारलं असेल, सगळ्यात शेवटी आणि प्रेमाने. आणि मार खाऊन आलेला माणूस चालेल म्हणाला असेल. तरीही मला दुसरं काही सुचत नाही. फाटक बंद झालं असतं तर ती माणसं गळाभर पाण्यातून तिरडी नेत असती, दगड आले असते, आणि पुढच्या वेळी नुसत्या काचांवर भागलं नसतं. तुमच्या खिडक्यांनी आणखी एक हात भाजायचा वाचवला आणि एका माणसाला आयुष्यभर एका बाजूला उभं केलं. या दोन्ही गोष्टी कुठल्या तराजूत घालायच्या ते मला कळत नाही, आणि तुम्हाला कळलं होतं असं आता मला वाटत नाही. नाहीतर लेथशेजारी एकट्याने बसून भाकरी खाल्ली नसतीत.

हे मी कुठे पाठवणार नाही, आणि मुलीच्या हाती लागू नये म्हणून उद्या फाडूनही टाकेन. पण उद्याचं एक राहिलं आहे, ते लिहूनच टाकते. हात वर करायला सांगितलं, तर मधल्या खुर्चीलाही हात असतो. तुम्हाला नेलं त्या दिवशी कारखान्यातल्या तुमच्या माणसांनी परै आणलं होतं. प्रेमाने आणलं होतं. साताऱ्याहून आलेले काका-काकू भांबावून गेले, आणि मी आतल्या खोलीत एक कान कपाटाला टेकवून, दुसऱ्या कानावर हात दाबून बसले होते. दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत ते वाजत गेलं. तेव्हापासून तो आवाज आला की मला तुम्ही पुन्हा जाताना दिसता, आणि मला ते सहन होत नाही. सेक्रेटरी माझ्याकडे आले तेव्हाच मला परै बंद व्हायला हवं होतं. तिचे वडील खालून गेले आणि सगळं थांबलं, तेव्हा बाल्कनीत मला लाज वाटली, रडूही आलं, आणि त्याखाली बरंही वाटलं. कमिटीत मी माझं स्वतःचं मत सांगितलं नाही, नियमाकडे बोट दाखवलं. तिला मी सांगितलं, दोघं नाही म्हणाले. आम्ही तिघं होतो, आप्पा.